चौथ्या वर्षी बॅटरी कोण बदलणार?

या प्रकरणात तीन पक्ष आहेत. ठाण्यात नौपाड्यातलं एक जुनं गिरिभ्रमण मंडळ, महाप्याच्या एमआयडीसीतली एक कंपनी, आणि या दोघांपासून सुमारे दीड हजार किलोमीटरवर हिमाचल प्रदेशातलं चंद्रा नदीचं खोरं. पहिल्या दोघांची नावं देत नाही. दोन्हीकडची माणसं भली आहेत आणि व्यवहार अजून पुरता मिटलेला नाही. मी यात सल्ला द्यायला बोलावलेला माणूस. जलसंपदा खात्यात सरितामापनाच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. हिमनदीवर मी काम केलेलं नाही, पण पाणी मोजताना काय काय बिघडतं याची बऱ्यापैकी कल्पना आहे, आणि मंडळाला तेवढंच हवं होतं.

प्रस्ताव माझ्याकडे आला तो जानेवारीत. ज्यांनी एखाद्या कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा खर्च बघणाऱ्या) विभागात जानेवारी-फेब्रुवारी काढले आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले किमान 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. या कंपनीचे काही पैसे उरले होते आणि 31 मार्च जवळ येत होता. मंडळाचा एक सभासद तिथे नोकरीला. दर उन्हाळ्यात हामटा खिंड ओलांडून छत्रू, बातल, चंद्रताल असा ट्रेक मंडळ करतं, त्याचे फोटो त्याने ऑफिसात दाखवले. त्यातून कल्पना निघाली, की छोटा शिग्री हिमनदीच्या मुखाशी, म्हणजे खालच्या टोकाशी, एक स्वयंचलित हवामान केंद्र उभारायचं, खालच्या ओढ्यावर पाण्याची पातळी मोजणारं यंत्र बसवायचं आणि सगळी माहिती लोकांना खुली करायची. प्रस्तावाचं मुखपृष्ठ देखणं होतं. त्यावर मंडळाच्या संग्रहातले दोन फोटो शेजारी शेजारी, एक जुना आणि एक अलीकडचा. खाली ठळक अक्षरांत ‘हिमनदी मागे सरकते आहे!’

आतल्या पानांवर दोन ओळी होत्या. ‘कालावधी : 36 महिने.’ आणि ‘देखभाल : वर्षातून एकदा, मंडळाच्या मोहिमेबरोबर.’ माझं सगळं म्हणणं या दोन ओळींबद्दलच होतं.

36 महिने कुठून आले

हा आकडा हिमनदीकडे बघून काढलेला नव्हता. 2021 साली सुधारलेल्या सीएसआर नियमांत ‘चालू प्रकल्प’ म्हणजे सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षांत संपणारा प्रकल्प. चालू प्रकल्पाचा न खर्चलेला पैसा वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकायचा आणि तिथून तीन वर्षांत खर्चायचा. त्यामुळे शाळेची स्वच्छतागृहं असोत की बंधारा, सगळे प्रस्ताव तीन वर्षांच्या साच्यातून निघतात. बंधाऱ्याला ते चालतं. बांधला, पाणी अडलं, फोटो काढला, काम झालं. मोजणीचं काम असं ‘होत’ नाही.

छोटा शिग्रीचीच गोष्ट घ्या. ही हिमनदी साधारण 9 किलोमीटर लांब आणि साडेपंधरा चौरस किलोमीटर क्षेत्राची. तिचं पाणी चंद्रेत जातं. चंद्रा आणि भागा तांदीला मिळतात आणि पुढे चिनाब होते. 1980 च्या दशकाच्या शेवटी इथे काही मोहिमा झाल्या, आणि 2002 पासून जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या संशोधकांनी फ्रेंच सहकाऱ्यांसह दरवर्षी तिच्या वस्तुमानाचा ताळेबंद मांडायला घेतला. भारतीय हिमालयातल्या सगळ्यात लांब सलग नोंदींपैकी ही एक.

ताळेबंद मांडायची रीत ऐकायला साधी आहे. बर्फात वाफेच्या ड्रिलने खोल भोक पाडून बांबूच्या काठ्या रोवतात. सप्टेंबर संपता संपता, उन्हाळ्याची वितळण थांबली आणि हिवाळ्याचं हिम अजून पडायचं आहे अशा बेताने, माणसं वर जातात आणि काठी किती उघडी पडली ते टेपने मोजतात. समजा मागच्या वर्षी काठी बर्फावर 1 मीटर दिसत होती आणि यंदा 4 मीटर दिसते, तर त्या जागी 3 मीटर बर्फ गेला. बर्फाची घनता पाण्याच्या साधारण नऊ दशांश, म्हणजे 2.7 मीटर पाणी गेलं. हिमनदीच्या वरच्या भागात उलट काम. तिथे खड्डा खणून मागच्या उन्हाळ्याचा मळकट थर गाठायचा, त्यावरच्या हिमाची जाडी मोजायची, ते वजन करून घनता काढायची. मग प्रत्येक उंचीच्या पट्ट्याचं क्षेत्रफळ धरून जमा आणि खर्च यांची बेरीज.

आता त्या काठीकडे जरा जवळून बघू. खालच्या भागात वर्षाला तीन-चार मीटर बर्फ जात असेल तर 10 मीटर खोल रोवलेली काठीसुद्धा तीन वर्षांत बाहेर येऊन आडवी पडते. ती पडायच्या आत शेजारी दुसरी रोवावी लागते आणि एका मोजणीत दोन्ही वाचाव्या लागतात, म्हणजे जुनी नोंद नवीला जोडता येते. शिवाय हिमनदी वाहते, काठी तिच्याबरोबर खाली सरकते, म्हणून नवी काठी पुन्हा मूळ जागी जावी लागते. 36 महिन्यांचा प्रकल्प नेमका काठी बदलायच्या वेळेला संपतो.

आणि हाती काय लागलं असतं? 2002 ते 2019 या काळात छोटा शिग्रीने वर्षाला सरासरी 0.46 मीटर पाण्याइतकं वस्तुमान गमावलं. सगळं जोडलं तर पूर्ण हिमनदीवर पावणेआठ मीटरच्या आसपास पाण्याचा थर. आकडा गंभीर आहे. पण त्याच मालिकेत 2008-09 आणि 2009-10 ही लागोपाठची दोन वर्षं जमेची आहेत. आपल्या कंपनीने 2008 च्या शरदात तीन वर्षांचा प्रकल्प सुरू केला असता, तर पहिल्या दोन वार्षिक अहवालांत ‘हिमनदी वाढते आहे’ असं प्रामाणिकपणे लिहावं लागलं असतं. मोजणीत काडीचीही चूक न होता. महाप्याच्या बैठकीत मी हे बोललो तेव्हा सीएसआर पाहणाऱ्या मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “म्हणजे आम्ही पैसे देऊन उलटं छापलं असतं?” मी म्हटलं, उलटं नाही, अपुरं. त्यांना हा फरक पटला असं चेहऱ्यावरून वाटलं नाही, आणि वर्तमानपत्रात मथळा काय आला असता ते बघता त्यांचंही चूक नाही.

हिमालयातल्या मोजणीचा इतिहासच असा तुटक आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने किन्नौरमधल्या गारा हिमनदीवर 1974 मध्ये ताळेबंद मांडायला घेतला; भारतीय हिमालयातला तो पहिला. ही मालिका दहा वर्षंही पुरी न करता थांबली. गढवालमधल्या डोकरियानी हिमनदीवर डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेने नव्वदच्या दशकात मोजणी केली, मध्ये खंड पडला, मग पुन्हा सुरू झाली. तिकडे स्वीडनमध्ये स्टोरग्लासिएरन या छोट्याशा हिमनदीची नोंद 1946 पासून चालू आहे. झुरिकची जागतिक हिमनदी निरीक्षण सेवा तर तीसहून जास्त वर्षं सलग मोजलेल्या हिमनद्यांनाच ‘संदर्भ हिमनदी’ म्हणते. खंड पडलेली वर्षं नंतर उपग्रहावरून किंवा गणिताने अंदाजे भरता येतात, पण त्या वर्षीची काठी काही पुन्हा वाचता येत नाही.

मुखपृष्ठावरचे फोटो

यावर फार वेळ घालवत नाही, कारण मंडळातल्या लोकांनी ते पटकन मान्य केलं. जुना फोटो जूनचा होता, नवा सप्टेंबरचा. जूनमध्ये मुखावर हिवाळ्याचं हिम असतं, सप्टेंबरमध्ये उघडा बर्फ आणि दगडगोटे. उभं राहायची जागा वेगळी, लेन्स वेगळी. हिमनदी मागे गेलेली असेलही, पण या दोन फोटोंवरून ते सांगता येत नाही. शिवाय मुख किती मागे गेलं यावरून पूर्ण हिमनदीचं काय चाललंय ते ठरवणं म्हणजे नाकाकडे बघून माणसाचं वजन सांगणं. मुख हवामानाला उशिराने दाद देतं. लांब हिमनदीत हा उशीर काही दशकांचा असू शकतो. दगडगोट्यांनी झाकलेल्या हिमनदीचं मुख जागच्या जागी दिसतं आणि आतून बर्फ पातळ होत जातो. शेजारच्या बडा शिग्रीचा खालचा भाग असाच झाकलेला आहे. पातळ थर असेल तर दगड तापून बर्फ जास्त वितळतो, जाड थर असेल तर तोच पांघरूण होतो.

मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, “मग काका, आमच्या वीस वर्षांच्या फोटोंचा काहीच उपयोग नाही?” उपयोग आहे, त्यावर नंतर येतो.

यंत्र बसवणं आणि मोजणी चालवणं

प्रस्तावातला मोठा खर्च होता केंद्राचा मनोरा, त्यावरचे तापमान, आर्द्रता, वारा आणि सौरप्रारण मोजणारे सेन्सर, हिमाची उंची ध्वनिलहरींनी मोजणारं यंत्र, सौरपट्टी आणि बॅटरी यांचा. थोडं शोधल्यावर कळलं, की छोटा शिग्रीच्या कडेच्या हिमोढावर (हिमनदीने रचलेल्या दगडमातीच्या ढिगावर), 4863 मीटर उंचीवर, 2009 मध्येच असं केंद्र उभं राहिलेलं आहे, आणि मुखाखालच्या ओढ्याचा विसर्गही मोजला गेला आहे. शिवाय गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने 2016 मध्ये त्याच पट्ट्यात ‘हिमांश’ नावाचं संशोधन केंद्र सुरू केलं. तिथले लोक चंद्रा खोऱ्यातल्या सुत्री ढाका, बातल, समुद्र टापू अशा हिमनद्यांवर काम करतात. प्रस्तावात यातलं एकही नाव नव्हतं. मंडळाचा ट्रेक नदीच्या पलीकडून जातो, त्यांच्या नजरेस हे कधी पडलं नाही.

मंडळातल्या एका तरुणाचा मुद्दा होता, की एकाच्या जागी दोन केंद्रं असली तर बिघडलं काय? चांगला मुद्दा. शेजारी शेजारी दोन केंद्रं मुद्दाम काही काळ चालवतातही, पण ती जुनं बदलून नवं आणताना, दोन्हींतला फरक कळावा म्हणून. तीन वर्षं चालून बंद पडणारं दुसरं केंद्र कोणत्याच मालिकेत बसत नाही. आणि ते बंद पडणार हे जवळपास नक्की. गोठणाऱ्या थंडीत बॅटरीची ताकद घटते, सौरपट्टी हिमाखाली जाते, आर्द्रतेचा सेन्सर हळूहळू खोटं बोलायला लागतो आणि दर एक-दोन वर्षांनी त्याला प्रयोगशाळेत नेऊन तपासावं लागतं. वाऱ्यात उडणारं हिम पर्जन्यमापकात पूर्ण पडत नाही, त्यामुळे तिथली हिमवृष्टी कायम कमीच नोंदली जाते. हे सगळं वर्षातून एकदा ट्रेकच्या जोडीने उरकण्यासारखं नाही. अटल बोगदा 2020 मध्ये सुरू झाल्यापासून लाहौलला हिवाळ्यातही जाता येतं हे खरं, पण बातलकडचा रस्ता हिवाळाभर बंदच असतो.

सिक्कीमचं उदाहरण मी बैठकीत जपून वापरलं. 2023 च्या सप्टेंबरमध्ये दक्षिण ल्होनाक सरोवराशी पूर्वसूचना यंत्रणेची पहिली पायरी म्हणून कॅमेरा आणि हवामान उपकरण बसवलं गेलं. महिन्याच्या अखेरीस उपकरणाची वीज गेल्याचं वृत्तसंस्थांनी दिलं, आणि 3 ऑक्टोबरच्या रात्री सरोवर फुटून तीस्तेवरचं चुंगथांगचं धरण वाहून गेलं. वीज असती तर धरण वाचलं असतं असं कोणी म्हणू नये. ते उपकरण पुराचा भोंगा नव्हतंच. सांगायचं इतकंच, की यंत्र बसवल्याचा दिवस मोजणी सुरू झाल्याचा दिवस असेलच असं नाही.

ओढ्यावरच्या यंत्राबद्दल मात्र मला स्वतःला बोलता येत होतं. कोकणातल्या नदीवर आमचं सरितामापन केंद्र असतं तेव्हा काठावर मोजपट्टीचे खांब असतात. गेज रीडर सकाळी 8 वाजता पातळी लिहितो, पूर असेल तर तासातासाला. अधूनमधून नदीवर ताणलेल्या तारेवरच्या पाळण्यात बसून करंट मीटर पाण्यात सोडून वेग मोजायचा, त्यावरून विसर्ग काढायचा. अशा बऱ्याच मोजण्यांवरून पातळी आणि विसर्ग यांचा आलेख तयार होतो, आणि मग नुसत्या पातळीवरून विसर्ग सांगता येतो. नदीचं पात्र बदललं की आलेख बाद. एका केंद्राच्या वहीत मी पातळीचा एकच आकडा भर जुलैत ओळीने दीड आठवडा लिहिलेला पाहिला आहे. नदी त्या दिवसांत दुथडी भरून वाहत होती. वही घरी लिहिली जात होती. कोरी पानं असती तर निदान खोटं तरी नसतं.

हिमनदीच्या ओढ्यावर यातली निम्मी गृहीतकं मोडतात. एक तर सकाळी 8 ची वेळ. वितळण उन्हावर चालते, त्यामुळे पाणी दुपारनंतर चढतं, मुखाजवळ संध्याकाळच्या सुमाराला सर्वांत जास्त असतं आणि पहाटेपर्यंत उतरतं. रोज सकाळी 8 ची नोंद घेतली तर रोज ओहोटीच मोजली जाईल. दुसरं म्हणजे पात्र. फ्रिजएवढे धोंडे एका रात्रीत जागा बदलतात, आलेख मोसमात दोनदा-तीनदा नव्याने काढावा लागतो. तिसरं, अशा खळाळात करंट मीटरचा उपयोग नाही. तिथे मीठ किंवा रंग वापरतात. वरच्या बाजूला तोलून घेतलेलं मीठ विरघळवून एकदम ओतायचं, खाली पाणी नीट घुसळलं गेल्यावर त्याची विद्युतवाहकता सेकंदासेकंदाला मोजायची. मीठ जितकं पातळ झालं तितका विसर्ग मोठा. युक्ती सुरेख आहे, पण तिला माणूस लागतो. प्रस्तावात ओढ्याशेजारी पूर्ण मोसम थांबणारा माणूस नव्हता. फक्त पातळीचा सेन्सर होता. पात्र बदललं की त्याच्या आकड्यांना अर्थ उरत नाही.

महाप्याची बैठक

बैठकीत पहिला प्रश्न आला तो अपेक्षित होता. “आपल्या नळाचा आणि त्या बर्फाचा संबंध काय?” संबंध नाही, असं मी सरळ सांगितलं. नवी मुंबईचं पाणी मोरबे धरणातून येतं, ठाण्याचं बरंचसं भातसेवरून. दोन्ही सह्याद्रीच्या पावसावर भरतात. चंद्रेचं पाणी चिनाबमधून पाकिस्तानात जातं. मंडळाच्या मंडळींना हे उत्तर आवडलं नाही; त्यांना वाटलं मी त्यांचाच प्रस्ताव पाडतोय.

एक धागा मात्र आहे. जगभरातल्या हिमनद्यांनी (ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाचे हिमस्तर सोडून) 2000 ते 2023 या काळात वर्षाला सरासरी 273 अब्ज टन बर्फ गमावला, आणि त्याने समुद्र सुमारे 18 मिलिमीटर चढला. नवी मुंबईचे बरेच नोड खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून वसले आहेत. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी धारण तलावांत साठवायचं आणि ओहोटीला खाडीत सोडायचं, या हिशेबावर हे शहर उभं आहे. समुद्र चढला की ओहोटीची ती खिडकी लहान होत जाते. पण 18 मिलिमीटरवरून बेलापुरात पाणी तुंबलं असं सांगून निधी मागणं मला लबाडीचं वाटलं असतं. मुळात इथल्या कंपनीने लाहौलच्या विज्ञानाला पैसे द्यायला नळाचा संबंध लागतोच कशाला? कायद्यात स्थानिक भागाला प्राधान्य द्या असं म्हटलंय, सक्ती नाही.

मग मनोऱ्यावर कंपनीचा फलक कुठे लावायचा यावर बराच वेळ गेला. चार हजार मीटरवर तो कोण वाचणार, हे कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

खरा पेच काढला तो फायनान्सच्या गृहस्थांनी, आणि तोही जाता जाता. मनोरा कोणाच्या मालकीचा? सीएसआरच्या पैशातून उभी राहिलेली भांडवली मालमत्ता कंपनीला स्वतःकडे ठेवता येत नाही. ती नोंदणीकृत न्यास किंवा संस्था, लाभार्थी गट किंवा सार्वजनिक प्राधिकरण यांच्याकडेच असावी लागते. म्हणजे मनोरा नौपाड्यातल्या मंडळाचा झाला असता. चौथ्या वर्षापासून त्याची बॅटरी, त्याचा सेन्सर आणि वाऱ्याने पडला तर त्याचा सांगाडा खाली आणायचा खर्च, सगळं मंडळाच्या गळ्यात. मंडळाचं वार्षिक अंदाजपत्रक दोर, तंबू आणि स्मरणिकेच्या जाहिरातींवर चालतं. अध्यक्षांचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला.

मी एक पर्याय सुचवला होता, की पैसे मुदत ठेवीत टाकून व्याजावर कायमची देखभाल करावी. फायनान्सवाल्यांनी तो तिथेच कापला. कोणत्याही संस्थेच्या कायम निधीत दिलेली रक्कम 22 जानेवारी 2021 पासून सीएसआर खर्च म्हणून धरली जात नाही. मला हे नियमशास्त्र थोडं उफराटं वाटतं. ज्या कामाचा सगळा जीव सातत्यात आहे, त्याला सातत्य देणारा एकमेव मार्ग बंद. पण नियम ठेवी दडपून ठेवणाऱ्या संस्थांकडे बघून केलेला आहे, हिमनद्यांकडे बघून नाही.

काय ठरलं

दुसऱ्या बैठकीत मनोरा गेला. त्याच्या जागी जे आलं ते कागदावर फिकं दिसतं. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सरकारी निधीवर चालणाऱ्या विद्यापीठांना आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांना संशोधनासाठी दिलेली रक्कम मान्य आहे. त्यामुळे त्या खोऱ्यात आधीपासून मोजणी करणाऱ्या एका सार्वजनिक संस्थेला पैसे द्यायचे, आणि ते नव्या यंत्रावर नाही तर चालू मालिकेच्या कंटाळवाण्या खर्चावर. बांबू, ड्रिलचं इंधन, सामान वाहणाऱ्या माणसांची मजुरी, सेन्सर तपासणी, तपासून तयार ठेवलेले जादा सेन्सर, आणि जुन्या क्षेत्रवह्या स्कॅन करून संगणकावर चढवण्याचं काम.

शेवटच्या कामावर मी हटून बसलो. केंद्र कधी हललं, सेन्सर कधी बदलला, कोणती काठी वाकली होती, कोणत्या वर्षी वेळेआधी हिम पडलं म्हणून मोजणी आठवडाभर आधी उरकली, हे वहीच्या समासात लिहिलेलं असतं. आकडे तक्त्यात जातात, समास वहीत राहतो. वीस वर्षांनी एखाद्याला मालिकेत 2011 साली उडी दिसली तर ती हवामानाची की सेन्सर बदलल्याची, हे त्या समासाशिवाय सांगता येत नाही. क्षेत्रवह्यांचं हस्ताक्षर वाचून भरण्याचं काम मंडळातल्या पाच-सहा जणांनी अंगावर घेतलं आहे. त्यातले दोघे बँकेतून निवृत्त झालेले. खतावणीची सवय असलेल्या माणसाला खाडाखोड लगेच दिसते, असं त्यांचं म्हणणं, आणि पहिल्या काही पानांवरून ते खरं वाटतं.

कंपनीच्या संपर्क विभागाला दाखवण्यासारखं काही हवं होतं, ते फोटोंनी भागवलं. मंडळाने खोऱ्यात मोजक्या जागा पक्क्या करायच्या. उभं राहायचा खडक, दिशा आणि लेन्स ठरलेली. चौकटीत न हलणारा एक कडा हवाच. फोटो दरवर्षी सप्टेंबरच्या अखेरीस. यातून हिमनदीचा ताळेबंद निघणार नाही, पण ऋतू संपताना हिमरेषा कुठवर चढली ते निघेल, आणि ते ताळेबंदाशी बऱ्यापैकी जुळतं. मंडळाचे जुने फोटोही तारखा लावून संस्थेकडे गेले. हिमाचलातल्याच गेपांग गाथच्या हिमनदी सरोवराच्या बाबतीत इस्रोने जुन्या-नव्या उपग्रहचित्रांवरून दाखवलं, की 1989 मध्ये 36.49 हेक्टर असलेलं सरोवर 2022 मध्ये 101.30 हेक्टर झालं. ती चित्रं जुनी म्हणून कोणी टाकून दिली असती तर ही तुलना झालीच नसती.

अडचण एकच आणि ती पक्की ठाणेकर आहे. सप्टेंबर अखेर म्हणजे बहुतेक वर्षी गणपती नुकतेच झालेले, रजा संपलेल्या, आणि नवरात्र तोंडावर. ट्रेक उन्हाळ्यातून तिकडे हलवायला मंडळात दोन बैठका झाल्या. उन्हाळी मोहीमही राहील आणि सप्टेंबरला चौघांचा छोटा गट जाईल, असं ठरलं. गटाची यादी पुढच्या पाच वर्षांसाठी आत्ताच लिहून घेतली आहे. ती पाळली जाईल का, याबद्दल मला शंका आहे.

चौथ्या वर्षाचा प्रश्न मात्र पूर्ण सुटला नाही. कंपनीने संस्थेकडे पत्र मागितलं, की तीन वर्षांनंतर हा खर्च संस्था स्वतःच्या अंदाजपत्रकात धरेल. पत्र आलं, पण त्यात ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ हे शब्द होते. सरकारी संस्था यापेक्षा जास्त लिहून देऊ शकत नाही, हे मी जन्मभर अशीच पत्रं लिहिल्यामुळे सांगू शकतो. मॅडमना ते पुरेसं वाटलं नाही, फायनान्सला वाटलं. शेवटी करारात दोन कलमं वाढवली. एक, जादा सेन्सर आणि काठ्या तीन वर्षांपुरत्या नाही, पाच वर्षं पुरतील एवढ्या घ्यायच्या. बॅटऱ्या साठवून चालत नाहीत, त्या पडल्या पडल्या म्हाताऱ्या होतात. त्यामुळे त्या यातून वगळल्या. दोन, पुढे पैसे द्यायचे की नाहीत हा विषय कंपनीच्या सीएसआर समितीपुढे तिसरं वर्ष संपल्यावर न आणता दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरच्या बैठकीत आणायचा. नकार आला, तर संस्थेच्या हातात दुसरा देणगीदार शोधायला जवळपास दीड वर्ष राहील. करारावर सह्या मार्चच्या शेवटच्या आठवड्यात झाल्या. बॅटरीच्या रकान्यात चौथ्या वर्षापुढे अजून कोणाचंच नाव नाही.